अक्षर कापताना

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्यांपैकी किती जणांनी प्रवेशद्वारावरचा फलक निरखून पाहिला असेल, कोण जाणे! ज्यांनी पाहिला असेल त्यांच्या नजरेतून 'सुस्वागतम्' या शब्दाच्या शिरोरेषेवरची चिकटपट्टीची ठिगळे सुटली नसतील. ती ठिगळे रात्री साडेअकरा वाजता लावणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक एक होता. या लेखाचे निमित्त तेच आहे.

हा फलक वर्षानुवर्षे एकच हात लिहीत आला. गावात त्यांना सगळे पेंटरकाका म्हणतात. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या फळ्या, सारे त्यांनी रंगवले. गेल्या वर्षी डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्यांना शिडीवर चढण्याची मनाई होती. आमच्या कलामंडळाने त्याच सुमारास एक छोटे कटिंग मशीन घेतले होते. तेव्हा काकांच्या वाचून काही अडणार नाही, अशा ऐटीत आम्ही संगणकावर शब्द टाइप केला, मोठा केला, लाल कार्डशीट यंत्रात सरकवली आणि बटण दाबले. यंत्राने काम चोख केले. मात्र बाहेर आला तो शब्द नव्हता, त्याचे तुकडे होते. 'सु'चा उकार 'स'पासून वेगळा झाला होता, प्रत्येक अक्षर शेजाऱ्यापासून तुटले होते आणि शिरोरेषेच्या चिमुकल्या चकत्या चटईवर विखुरल्या होत्या. दोन कार्डशीट वाया गेल्यावर उरलेले आम्ही ठिगळे लावून उभे केले.

दुसऱ्या दिवशी काका कार्यक्रमाला आले. फलकाकडे बराच वेळ पाहून ते एवढेच म्हणाले, "पोरांनो, रंग कुठंही लावला तरी भिंत त्याला धरून ठेवते. कापलेल्या अक्षराला कोण धरणार, ते आधी ठरवायला हवं होतं."

यंत्रासाठी चित्राची फाइल तयार करणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर या वाक्यात आहे, हे आम्हाला पुढे वर्षभर धडपडल्यावर कळले. ते धडपडीचे सार येथे मांडण्याचा विचार आहे.

यंत्र काय करते?

हे यंत्र दिसायला छपाईयंत्रासारखे असते. आत शाईऐवजी एक बारीक पाते असते. रूळ कागदाला पुढे-मागे हलवतात आणि पाते डावी-उजवीकडे सरकते. या दोन हालचालींच्या मिलाफातून वाटेल ती वळणे निघतात. कागद हलू नये म्हणून तो एका चिकट चटईवर डकवतात. ही चटई साधारण १२ इंच रुंद आणि १२ किंवा २४ इंच लांब असते. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'रेडियम' कापून लावणाऱ्या दुकानात जे मोठे यंत्र असते, त्याचेच हे घरगुती भावंड म्हणता येईल. पात्याच्या जागी पेन बसवले तर बहुतेक यंत्रे तीच आकृती काढूनही दाखवतात.

पात्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खुर्चीच्या फिरत्या चाकाप्रमाणे ते आपल्या खोबणीत मोकळे फिरते आणि त्याचे टोक मध्यापासून किंचित बाजूला असते. त्यामुळे टोक नेहमी थोडे मागून ओढले जाते. यंत्राची प्रणाली हा फरक स्वतः सांभाळून घेते. तरीही अगदी बारीक दाते, टोकदार कोपरे आणि एक-दोन मिलिमीटरची नक्षी यांच्या ठिकाणी कागद फाटण्याचा संभव असतो. कागदावर पेन्सिलीने जे काढता येते ते सारे पात्याने कापता येईलच, असे नाही.

चित्राचे दोन प्रकार

वाचकांच्या मनात सहजच प्रश्न येईल, की मोबाइलवर घेतलेले छायाचित्र यंत्राला थेट का देता येऊ नये? छायाचित्र हे क्रॉस-स्टिचच्या भरतकामासारखे असते. चौकटींची एक मोठी जाळी आणि प्रत्येक चौकटीत एक रंग, एवढाच त्याचा संसार. त्यात रेघ अशी कोठेच नसते. काळ्या चौकटी एकापुढे एक आल्या म्हणजे आपल्या डोळ्यांना रेघ भासते. पात्याला मात्र कोठून निघून कोठे जायचे ते सांगावे लागते.

दुसऱ्या प्रकारचे चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखे असते. आधी मोजके ठिपके, मग या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत कशी रेघ न्यायची याचा हुकूम. यालाच व्हेक्टर चित्र म्हणतात. ते कितीही मोठे केले तरी रेघ फाटत नाही, कारण मोठे होतात ते ठिपक्यांमधील अंतरांचे आकडे. वळणदार रेघांचे गणित फ्रान्समधील मोटारकारखान्यांत जन्मले, ही मौजेची गोष्ट आहे. १९५९ साली सित्रोएन कारखान्यात पॉल द कास्तेल्जो यांनी, आणि १९६० नंतरच्या दशकात रेनो कारखान्यात पिएर बेझिए यांनी, मोटारीच्या अंगावरची वळणे आकड्यांत बांधली. त्या आकड्यांवरून यंत्राने ते आकार घडवावेत, हा हेतू होता. आज जगभर या रेघांना बेझिए वक्र म्हणतात. म्हणजे आपण कापण्यासाठी वापरतो ते गणित मुळात यंत्राने आकार घडवण्यासाठीच बनले होते.

अशी चित्रे साठवण्याचा सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे एसव्हीजी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००१ साली तो प्रमाण म्हणून मान्य केला. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. आत अक्षरे व आकडे दिसतील. त्यांतील 'एम' म्हणजे पेन उचलून अमुक ठिकाणी ठेव, 'एल' म्हणजे सरळ रेघ ओढ, 'सी' म्हणजे वळण घे आणि 'झेड' म्हणजे जेथून निघालास तेथे परत ये. हा शेवटचा हुकूम राहून गेला आणि रेघेची दोन टोके एकमेकांना भिडली नाहीत, तर आकार कागदाला एका बारीक धाग्याने लटकून राहतो. ओढून काढू गेल्यास तेथेच फाटतो.

डोळ्याचे चित्र आणि पात्याचे चित्र

संगणकाच्या पडद्यावर आपण रंग पाहतो. पात्याला रंगाशी कर्तव्य नसते, त्याला फक्त कडा कळते. बहुतेक चुका या एका फरकातून जन्म घेतात.

समजा, आपण पडद्यावर तीन मिलिमीटर जाडीची एक वेल काढली. डोळ्याला ती जाड दिसते. पण फाइलमध्ये ती एकच रेघ आहे आणि जाडी हा तिच्यावर चढवलेला नुसता साज आहे. पाते त्या रेघेच्या मधोमध एकदा जाईल आणि कागदाला केवळ एक चीर पडेल. वेल कापून हवी असेल तर जाड रेघेचे रूपांतर तिच्या दोन्ही कडांत करावे लागते. फुकट मिळणाऱ्या इंकस्केप या प्रणालीत त्यासाठी 'स्ट्रोक टू पाथ' ही आज्ञा आहे.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. पेनने काढलेल्या चित्राचे छायाचित्र घेऊन संगणकाकरवी त्याची कडा काढून घेतली, तर पेनच्या रेघेला दोन कडा असल्यामुळे प्रत्येक रेघेच्या जागी दोन रेघा मिळतात. आपल्याला पानाचा आकार हवा असतो आणि हाती येते पानाच्या आकाराची केसासारखी पट्टी! अशा वेळी आतली किंवा बाहेरची एक रेघ पुसून टाकावी. शिवाय संगणकाने काढलेल्या कडेवर गरजेपेक्षा फार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यावर पाते किंचित दचकते आणि कड करवतीसारखी येते. जेथे वळण बदलते तेथे ठिपका ठेवावा, बाकीचे काढून टाकावेत.

यावर एक सोपी परीक्षा आहे. प्रणालीत 'आउटलाइन' नावाचे दृश्य असते. ते निवडताच सारे रंग आणि जाड्या नाहीशा होऊन उघड्या रेघा तेवढ्या उरतात. हीच पात्याची नजर होय. गेल्या वर्षी आम्ही हे एकदाच पाहिले असते, तर 'सुस्वागतम्'च्या शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सीमेवर आडव्या आलेल्या रेघा तेथेच दिसल्या असत्या.

शिरोरेषेचे उपकार आणि उपद्रव

या रेघा आल्या कोठून? देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन येते. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकांत दोन अक्षरांच्या शिरोरेषांमध्ये केसाएवढी फट पुष्कळदा दिसते. संगणकाच्या फाँटमध्ये अशी फट राहू नये म्हणून हे तुकडे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. छापताना काळ्यावर काळे पडते आणि कोणाला पत्ता लागत नाही. पाते मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडा इमानाने कापते. त्यांच्या मधली चिमुकली चकती म्हणजेच आमच्या चटईवर विखुरलेला तो कचरा. काना, मात्रा, उकार यांचीही तीच गत होते.

उपाय असा. प्रथम टाइप केलेल्या मजकुराचे आकृतीत रूपांतर करावे. त्याचा आणखी एक लाभ होतो. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तेथे तो फाँट नसला, तरी अक्षरे बदलत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे निरर्थक चिन्हांत उमटतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना याचे महत्त्व सांगायला नको. त्यानंतर अक्षरांचा समूह सोडवून सर्व आकार निवडावेत आणि ते एकजीव करावेत. इंकस्केपमध्ये या आज्ञेला 'युनियन' म्हणतात, कटिंग मशीनच्या प्रणालींत 'वेल्ड'. नुसते 'ग्रुप' करून भागत नाही. ग्रुप करणे म्हणजे काड्यांची मोळी बांधणे, काड्या वेगळ्याच राहतात. वेल्ड केल्यावर आतल्या रेघा विरघळतात आणि साऱ्या शब्दाभोवती एकच कडा उरते.

येथे शिरोरेषेचे उपकार कळतात. इंग्रजी शब्द कापला तर प्रत्येक अक्षर सुटे होते आणि फलकावर एकेक मोजून चिकटवावे लागते. देवनागरी शब्द मात्र शिरोरेषेला धरून तोरणासारखा अखंड उचलता येतो. फक्त अनुस्वार वेगळा राहतो. 'स्नेहसंमेलन' कापताना त्यातला अनुस्वार आमच्याकडून दोनदा हरवला. आता आम्ही तो थोडा खाली ओढून शिरोरेषेला टेकवतो आणि मग वेल्ड करतो. पाय मोडण्याचे चिन्ह आणि रफारही टेकले आहेत की नाही, ते पाहून घ्यावे.

परंतु जाळीचा साचा कापायचा असेल, म्हणजे अक्षर पोकळ ठेवून त्यातून रंग किंवा रांगोळी खाली पाडायची असेल, तर हीच शिरोरेषा शत्रू बनते. आता अक्षर हे भोक आहे आणि भोवतालचा कागद हा साचा. शिरोरेषा म्हणजे साच्याला पडलेली लांबलचक फट. तिच्या खालचा सारा भाग झोळीसारखा लोंबतो आणि रंग आत शिरतो. शिवाय 'व'च्या पोटातला गोल, 'ब'च्या पोटातले दोन तुकडे, 'म', 'स' आणि 'प' यांच्यातील शिरोरेषेखालची बंद जागा, हे सारे चारही बाजूंनी कापले जाऊन खाली गळतात. 'व'चे पोट गेले की उरते ते एक भरीव वाटोळे. 'भ' आणि 'ध' यांची शिरोरेषा मधे तुटलेली असल्यामुळे त्यांच्यावर हे संकट थोडे हलके येते.

या तुकड्यांना धरून ठेवण्यासाठी मधे कागदाचे छोटे पूल ठेवावे लागतात. पत्र्याचे साचे करणाऱ्या पेंटरांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मथुरेकडे सांझीसाठी कागद कापणारे कारागीर तर हे पूल नक्षीचाच भाग वाटावेत इतक्या खुबीने योजतात. संगणकावर पूल घालणे अवघड नाही. एक लहान आयत काढून अक्षरावर ठेवावा आणि अक्षरातून तो वजा करावा, एवढेच. अवघड आहे ते पूल कोठे घालावा हे ठरवणे. ते आम्ही काकांकडून शिकलो.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पूल शक्यतो अक्षराच्या बारीक भागावर घालावा, जाड भागावर घातल्यास अक्षर मोडल्यासारखे दिसते. 'व'ला एक पूल दिला तर पोटातला गोल झुलतो, म्हणून समोरासमोर दोन द्यावेत. आणि शिरोरेषा अक्षराच्या डोक्यावर तोडू नये, दोन अक्षरांच्या मधे तोडावी, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्याला तेथे थांबण्याची सवय असते. पुलाच्या रुंदीचा आमचा अनुभव असा, की हातभर लांबीच्या शब्दासाठी कार्डशीटच्या साच्यात तीन मिलिमीटरपेक्षा बारीक पूल रंगाने भिजून मान टाकतो.

मापाचा घोटाळा आणि आरशाचा घोटाळा

फाइल निर्दोष असली तरी ती एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना माप बदलू शकते. कारण काही प्रणाली एका इंचात ७२ एकके धरतात, तर काही ९६. पहिलीत २०० मिलिमीटर रुंद काढलेला शब्द दुसरीत त्यामुळे १५० मिलिमीटरचा होऊन उतरतो. डीएक्सएफ हा दुसरा प्रचलित प्रकार १९८२ साली ऑटोकॅडबरोबर आला. त्यात आकडा इंचाचा की मिलिमीटरचा, याबाबत पुष्कळदा गैरसमज होतो आणि चित्र एकदम २५.४ पट लहान किंवा मोठे होते. यावर आम्ही युक्ती काढली आहे. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरचा एक चौरस काढून ठेवायचा. यंत्राच्या प्रणालीत फाइल उघडल्यावर प्रथम त्या चौरसाचे माप पाहायचे, ते बरोबर असल्यास चौरस पुसून पुढे जायचे.

आरशाचा घोटाळा कपड्यांच्या बाबतीत होतो. सदऱ्यावर इस्त्रीने चिकटवायचे व्हायनल उलट्या बाजूने कापतात, म्हणून शब्द आरशात दिसतो तसा उलटा करून द्यावा लागतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी केलेल्या पहिल्या टी-शर्टवर आम्ही हे विसरलो. तो टी-शर्ट कलामंडळाच्या खोलीत अजून टांगलेला आहे. आरशासमोर उभे राहून तो उत्तम वाचता येतो.

यंत्रावर फाइल चढवण्यापूर्वी आम्ही आता ठरलेल्या क्रमाने जातो. मजकूर आकृतीत बदलला का, सर्व भाग एकजीव झाले का, आउटलाइन दृश्यात एकावर एक दोन रेघा तर नाहीत ना, सर्व आकार बंद आहेत का, आतली भोके बाहेरच्या कडेच्या आधी कापली जाणार आहेत का, आणि माप बरोबर आहे का. बाहेरची कडा आधी कापली तर तुकडा सुटून सरकतो आणि आतली भोके वाकडी पडतात. शेवटी त्याच कागदाच्या कोपऱ्यावर एक छोटा आकार कापून पात्याचा दाब तपासायचा. या साऱ्याला दहा मिनिटे लागतात. गेल्या वर्षी ती दहा मिनिटे वाचवून आम्ही सारी रात्र घालवली होती.

यंदाचा फलक

महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून गणपतीच्या मखरासाठी आणि समारंभाच्या सजावटीसाठी कागद व पुठ्ठा यांना पुन्हा मान मिळाला आहे. त्यामुळे या विद्येचा उपयोग आमच्यातील काही जणांना पुढे पोटापाण्यासाठीही होईल. पण यंदाच्या फलकाविषयी सांगायचे कारण निराळे आहे.

यंदा आम्ही फाँट वापरलाच नाही. काकांच्या घरी कोरा कागद आणि चपटा ब्रश घेऊन गेलो आणि शब्द लिहून मागितला. त्यांनी खाली बसून चार वेळा लिहिला आणि चौथा आमच्या हाती दिला. आम्ही त्याचे छायाचित्र घेतले, कडा काढली, ठिपके कमी केले, सारे एकजीव केले आणि यंत्राजवळ त्यांना खुर्ची दिली. पाते फिरू लागण्याआधी पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "हा 'ग' माझा नाही."

आम्ही मूळ कागद शेजारी धरून पाहिले. त्यांच्या 'ग'च्या गाठीला खालच्या बाजूस ब्रश उचलताना राहिलेली एक किंचित टोकदार शेपटी होती. ठिपके कमी करताना आम्ही तिला अनावश्यक समजून गुळगुळीत करून टाकले होते. संगणकाच्या हिशेबी ते योग्यच होते. आम्ही तेथे पुन्हा एक ठिपका घातला, वळण मोडून कोपरा केला. काका चष्मा पुसून पुढे झुकले आणि म्हणाले, "हं. आता कापा."

लाल कार्डशीटमधून अखंड निघालेला तो शब्द यंदा प्रवेशद्वारावर होता, ठिगळाविना. ती फाइल कलामंडळाच्या संगणकात जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलामुलींनी ती अवश्य वापरावी, हवी तेवढी लहान-मोठी करावी. 'ग'च्या शेपटीवरचा तो एक ठिपका मात्र काढू नये, एवढीच विनंती.